बावीस किलो टोमॅटो, एक पातेलं आणि एक रविवार

आधी आकडे सांगते. एका रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर २२ किलो पिकलेले टोमॅटो आणि ३ किलो फरसबी होती, घरात माणसं पाच, त्यातली दोन मुलं, आणि बरण्या उकळायला मोठं पातेलं एकच, त्यात अर्ध्या लिटरच्या ७ बरण्या मावतात. रात्री साडेअकराला थांबलो तेव्हा टोमॅटोच्या २१ आणि फरसबीच्या ६ बरण्या झाल्या होत्या, ९ किलो टोमॅटो टबात तसेच पडून होते आणि कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. आणि बरोबर अठरा दिवसांनी त्यातली झाकण नीट बसलेली एकूण एक बरणी आम्ही स्वतःच्या हाताने टाकून दिली.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण घरच्या बागेतला माल घरच्यांनी मिळून साठवायचा म्हटलं की बहुतेक जण रेसिपी शोधायला लागतात, मीही तेच केलं, आणि आमची चूक रेसिपीपर्यंत पोचायच्या आधीच, वाफ्यात उभं असतानाच झाली होती. तोडायचं किती आणि कधी, हे आपल्याकडे त्या दिवशी हात किती, तास किती आणि पातेलं केवढं यावरून ठरवायला हवं होतं, आम्ही ते फक्त झाडाकडे बघून ठरवलं.

घरामागे सहा वाफे आहेत. टोमॅटोची १४ झाडं, सगळी एकाच जातीची, बुटकी झुडपासारखी वाढणारी, आणि सगळी रोपं एकाच दिवशी लावलेली. ज्यांनी टोमॅटो लावलेत त्यांना लगेच कळेल पुढे काय होणार. टोमॅटोत दोन तऱ्हा असतात, एक झुडपी, जी ठरावीक उंचीला थांबते आणि बरीचशी फळं थोड्या दिवसांत एकदम पिकवते, आणि दुसरी वेलासारखी चढत जाणारी, जी हळूहळू पण खूप दिवस देत राहते. आमची सगळी पहिल्या तऱ्हेची. त्यात ऐन पिकण्याच्या दिवसांत आम्ही चार दिवस बाहेर होतो. परत आलो तर वाफ्यात लाल सडा, काही फळं तडकलेली, काही पक्ष्यांनी टोचलेली, फरसबीच्या शेंगा बोटाएवढ्या जाड होऊन आतले दाणे बाहेरून दिसायला लागलेले. शनिवारी संध्याकाळी आम्ही पाचही जण वाफ्यात उतरलो आणि हाताला येईल ते सगळं तोडलं. मुलांना खूप मजा आली, खरंच, धाकटी तर प्रत्येक क्रेट भरला की ओरडून सांगायची. तेव्हा ते दृश्य बघून मला वाटलं होतं की वर्षभराची सोय झाली.

आता तो रविवार. सकाळी दहाला सुरुवात. टोमॅटोच्या बुडाला फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट टाकायचं, लगेच थंड पाण्यात, मग साल हाताने सुटते. एका टोमॅटोला काहीच लागत नाही, पण २२ किलोला लागतं, दीड वाजेपर्यंत आमचे निम्मेसुद्धा सोलून झाले नव्हते. सासूबाईंच्या बोटांना आंबट रसाने चिरा पडायला लागल्या होत्या आणि त्या काही बोलल्या नाहीत, मला संध्याकाळी दिसलं. पहिली खेप अडीच वाजता पातेल्यात गेली. ठेचलेल्या गरम टोमॅटोला अर्ध्या लिटरच्या बरणीत ३५ मिनिटं उकळी लागते, आणि ती मोजायची पाणी खळखळा उकळायला लागल्यापासून, बरण्या ठेवल्यापासून नाही. सात भरलेल्या बरण्या टाकल्या की एवढं मोठं पातेलं परत उकळीला यायलाच वीसपंचवीस मिनिटं जातात. म्हणजे एक खेप साधारण एक तास.

हा हिशोब मी नंतर कागदावर केला तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण तो पाच मिनिटांचा होता. अर्ध्या लिटरच्या बरणीला साधारण ६०० ते ६५० ग्रॅम टोमॅटो लागतात, म्हणजे २२ किलोच्या ३४-३५ बरण्या, म्हणजे पातेल्याच्या पाच खेपा, म्हणजे फक्त उकळण्याचे पाच तास, आणि सोलणं, शिजवणं, भरणं वेगळंच, फरसबी वेगळीच. एका दिवसात ते बसतच नव्हतं. कितीही पटापट हात चालवले असते तरी बसलं नसतं.

आणि न बसणारी गोष्ट बसवायला गेलं की काय होतं, तर माणूस वेळेत काटछाट करतो. दुसरी आणि तिसरी खेप आम्ही २० मिनिटांत बाहेर काढली. कोणी तसं ठरवलं नव्हतं, मुलं पेंगत होती, ओट्यावर जागा नव्हती, नवरा म्हणाला "उकळलंय की चांगलं, काढूया," आणि मी हो म्हटलं. फरसबीच्या ६ बरण्या सगळ्यात शेवटी, मीठ-पाणी घालून, तासभर उकळून. उरलेले ९ किलो टोमॅटो टबात एकावर एक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाचे फुटून पाणी सुटलं होतं, आंबूस वास आणि चिलटं. त्यातून चार किलो वाचले, पाच किलो कंपोस्टमध्ये गेले. मोठा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याने तो टब ओतताना विचारलं, "मग तोडले कशाला, झाडावरच ठेवायचे ना?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

२१ पैकी ५ बरण्यांची झाकणं बसलीच नव्हती, मधे बोट दाबलं की टक्-टक् वाजायचं. बरणी थंड होताना आत निर्वात पोकळी होऊन झाकणाचा मधला भाग आवाज करत खाली ओढला जातो, तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहितीये किती बरं वाटतं. नाही बसलं तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवायची, आम्ही तसंच केलं. न बसण्याचं कारण नंतर कळलं, काठोकाठ भरल्या होत्या. वर साधारण सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी लागते आणि झाकण लावायच्या आधी काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायचा, एक बी जरी अडकली तरी फट राहते. रात्री दहाला काठ पुसण्याइतकी शुद्ध कोणाला होती.

बाकीच्या बरण्या कपाटात. धाकटीने प्रत्येकीवर चिठ्ठी लावली होती, तारीख आणि एक टोमॅटोचं चित्र.

अठराव्या दिवशी फरसबीच्या एका बरणीचं झाकण वर फुगलेलं दिसलं आणि पाणी गढूळ. बाकीच्या पाच दिसायला अगदी ठीक होत्या. माझा पहिला विचार खरं सांगते, एकच खराब झाली ना, बाकीच्या वापरू. पण मनात पाल चुकचुकली म्हणून बसून नीट वाचलं, आणि मग हात गार पडले.

मातीत एका जिवाणूचे बीजाणू असतात, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. मातीत आहेत म्हणजे भाजीवर असणारच, आणि एरवी ते काही करत नाहीत. पण हवा नसलेली, ओलसर, साध्या तापमानाची आणि आंबट नसलेली जागा मिळाली की ते वाढतात आणि विष तयार करतात, जे नसांवर परिणाम करतं, थेट श्वास बंद पडण्यापर्यंत. आणि फरसबीची घट्ट बंद बरणी म्हणजे नेमकी तीच जागा. पाणी १०० अंशाला उकळतं आणि त्या तापमानाला हे बीजाणू मरत नाहीत, तासभर उकळा नाहीतर तीन तास. त्यांना साधारण ११६ अंश लागतं, ते फक्त दाबाखाली मिळतं, त्यासाठी प्रेशर कॅनर म्हणून वेगळं भांडं येतं. घरातला नेहमीचा प्रेशर कुकर त्याला पर्याय नाही, तो लहान असतो, लवकर तापतो, लवकर थंड होतो, आणि कॅनिंगच्या, म्हणजे बरणीबंद साठवणीच्या, वेळा त्याच्यासाठी ठरवलेल्या नसतात. सगळ्यात भीतीदायक भाग हा की विष असलेल्या बरणीला वास येईलच, ती फुगेलच असं नाही. म्हणजे ज्या पाच बरण्या ठीक दिसत होत्या त्यांच्याबद्दल दिसण्यावरून काहीच सांगता येत नव्हतं.

आणि टोमॅटो? सगळी रेषा आंबटपणाच्या मापावर, म्हणजे पीएचवर, ४.६ ला आहे. त्याच्या खाली, म्हणजे त्याहून आंबट असेल तर हा जिवाणू वाढू शकत नाही. फरसबी त्याच्या बरीच वर. टोमॅटो मात्र अगदी त्या रेषेवर बसलेला असतो, काही जाती खाली, काही वर, आणि फळ जास्त पिकलं की आंबटपणा अजून कमी होतो. आमचे टोमॅटो चार दिवस जास्त पिकलेले, काही तडकलेले, आणि आम्ही त्यात आंबट काहीच घातलं नव्हतं. वर दोन खेपा वेळेआधी काढलेल्या. नियम साधा आहे, अर्ध्या लिटरच्या बरणीला १ मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस, किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड. बाटलीतला अशासाठी की त्याची आम्लता ठरलेली असते, ताज्या लिंबाची फळागणिक बदलते. इतकंच होतं. एक चमचा.

टाकायचं ठरलं तेव्हा घरात वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं मी आयुष्यभर शेंगा बरण्यांमधे ठेवल्यात, कोणाला कधी काही झालं नाही." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, आई तुम्ही नेमकं कसं करायचात ते पहिल्यापासून सांगा, अगदी शेंगा खुडण्यापासून. त्या सांगत गेल्या, मी लिहित गेले, आणि चौथ्या की पाचव्या पायरीला त्या म्हणाल्या, "मग निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी." मी लिहिता लिहिता थांबले. त्याही थांबल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी तू मीठ-पाणी ओतलंस तेव्हा मला वाटलं तुझी काही वेगळी पद्धत असेल, म्हणून बोलले नाही."

या पूर्ण प्रकरणातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच. त्यांची पद्धत बरोबर होती, ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेतलं की शेंगा त्या रेषेच्या पुरेशा खाली जातात. घरात जाणणारं माणूस होतं, त्याच ओट्याशी उभं होतं, आणि मी त्यांना फक्त सोलायला बसवलं होतं.

१६ टोमॅटोच्या आणि ६ फरसबीच्या, २२ बरण्या. न उघडता, जाड पिशवीत बांधून, कचऱ्यात. कंपोस्टमध्ये नाही, कुठल्या जनावराला नाही, चव घेऊन बघणं तर अजिबातच नाही. ते विष दहा मिनिटं खळखळून उकळलं तर निष्क्रिय होतं हे खरं आहे, नवऱ्याने तो मुद्दा काढलाही, पण ज्या बरणीवर शंका आहे ती उकळून मुलांना वाढायची ही गोष्ट मला मान्यच नव्हती. धाकटी तिच्या चिठ्ठ्या काढून घेऊ का विचारत होती. काढून दिल्या.

झाडांवर अजून हिरवी फळं बरीच होती, म्हणजे हंगाम संपला नव्हता, आणि याच गोष्टीमुळे आम्ही सावरलो. त्या आठवड्यात पाचही जण टेबलाशी बसलो आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. पातेल्याची एक खेप ७ बरण्या, म्हणजे साधारण साडेचार किलो. कामाच्या दिवशी संध्याकाळी एक खेप होते, सुट्टीच्या दिवशी दोन, त्याहून जास्त नाही. मग वाफ्यातून एका वेळी साडेचार किलोच पिकलेला माल यायला पाहिजे. तो कसा आणायचा?

याचं उत्तर तोडणीत होतं. टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवायची गरज नसते. हिरव्यावर जरा गुलाबी-पिवळसर झाक आली, रंग फुटायला लागला, की फळ स्वतःच्या जोरावर घरात पिकतं. झाडावर राहिलं तर तडकतं, टोचलं जातं. म्हणून आम्ही एक दिवसाआड सकाळी, दव वाळल्यावर, रंग फुटलेली फळं तोडायला लागलो. देठाची बाजू खाली करून कागदावर एकाच थरात पसरायची, एकावर एक नाही, फ्रीजमध्ये तर नाहीच, थंडीने चव आणि पिकणं दोन्ही बिघडतं. साधारण २० अंशाला छान पिकतात. फार गरम, तिशीच्या वर गेलं, की लाल रंग नीट धरत नाही, पिवळट राहतात. लवकर हवे असतील तर पूर्ण पिकलेला एखादा टोमॅटो त्यांच्यात ठेवायचा, पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि शेजारच्यांनाही पिकवतं. धाकटी आठ वर्षांची, तिने चार कागद केले आणि रोज शाळेतून आली की फळं एका कागदावरून दुसऱ्यावर सरकवायची, गुलाबी, केशरी, लाल, आजचे. "आजचे" या कागदावर साडेचार किलो जमले की त्या संध्याकाळी खेप. घरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिच्याकडे होतं आणि तिला ते माहिती होतं.

जास्त झाले तर फ्रीजर. हे आधी माहिती असतं तर ते पाच किलोही वाचले असते. टोमॅटो धुऊन, कोरडे करून, देठाचा भाग काढून अख्खे तसेच गोठवायचे, ना सोलायचे ना शिजवायचे. नंतर नळाखाली धरले की साल आपोआप सुटून हातात येते, ती चीर द्या, उकळत्या पाण्यात टाका भानगडच नाही. त्याचा सॉस आठवड्याने करा, महिन्याने करा. पोत मऊ पडतो म्हणून कापून खायला उपयोग नाही, शिजवायला उत्तम. फ्रीजरमुळे आम्हाला सवड मिळाली, आणि त्या रविवारी आमच्याकडे नेमकी तीच नव्हती.

फरसबी बरणीत घालायचं सोडलं, व्हिनेगरवाल्या ४ बरण्या तेवढ्या सासूबाईंनी स्वतः उभं राहून करून घेतल्या. बाकीची फ्रीजरमध्ये. इथे ब्लांचिंग, म्हणजे आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढणं, टाळू नका, मी आदल्या वर्षी टाळलं होतं आणि दोन महिन्यांनी शेंगांना वाळक्या गवताचा वास आला होता. भाजीतली एन्झाइम्स, म्हणजे तिची चव-वास बदलवणारी द्रव्यं, थंडीत हळू होतात पण थांबत नाहीत, त्यांना आधी उष्णतेने थांबवावं लागतं. फरसबीला उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, मग निथळून फडक्यावर कोरडी. ताटात सुटी पसरून आधी गोठवायची आणि मग पिशवीत, नाहीतर वीट तयार होते. फ्रीजर उणे १८ ला. आणि शेंगा दर दोनतीन दिवसांनी तोडायच्याच, कारण दाणे भरले की झाडाला वाटतं आपलं काम झालं आणि फुलं यायची थांबतात. आम्ही चार दिवस नव्हतो त्याचा फटका तिथेही बसला होता.

कामाची वाटणी बदलली. आधी सगळे सगळंच करत होते. आता सासूबाई बसून चिरतात, हातमोजे घालून, आणि पद्धतीवर शेवटचा शब्द त्यांचा आणि माझा दोघींचा, एकीचा नाही. गरम पातेलं आणि बरण्या फक्त नवरा उचलतो. भरणं, काठ पुसणं माझं. मोठ्याकडे घड्याळ आणि वही, आणि त्याला आम्ही एक अधिकार दिलाय, वेळ पूर्ण होऊन त्याने परवानगी दिल्याशिवाय पातेल्याचं झाकण उघडायचं नाही. पहिल्याच खेपेला त्याने बापाला अडवलं, "अजून सहा मिनिटं." तो थांबला. ३५ मिनिटं हा आकडा सखल भागासाठी आहे हेही त्यानेच शोधून काढलं, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर गेलं की पाणी कमी तापमानाला उकळतं आणि वेळ वाढवावी लागते, पहिल्या टप्प्याला ५ मिनिटं. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आमच्या घराची उंची लिहिलेली आहे.

मिरच्या वाळवल्या, त्यात सांगण्यासारखं एकच. बाहेरून कडक वाटल्या तरी सगळ्या सारख्या वाळलेल्या नसतात. म्हणून काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवायच्या, काचेला आतून दमट धुकं दिसलं तर परत वाळवायच्या. मोठ्याला तेलात लसूण घालून ठेवायची होती, ते मी नाही म्हटलं, तेलाखाली हवा नाही आणि लसूण आंबट नाही, परत तीच गोष्ट. ताजी करायची, फ्रीजमध्ये, चार दिवसांत संपवायची.

पुढच्या सहा आठवड्यांत त्याच १४ झाडांवरून अजून २४ किलो टोमॅटो आले. त्यातल्या १८ किलोच्या २८ बरण्या झाल्या, चार खेपांत, दोनच झाकणं बसली नाहीत. साडेपाच किलो फ्रीजरमध्ये. फेकले अर्धा किलोच्या आत, तेही किडीमुळे. एकही संध्याकाळ साडेनऊच्या पुढे गेली नाही.

पण माल काबूत ठेवायला सहा आठवडे एक दिवसाआड वाफ्यात जावं लागलं आणि ते दर वर्षी जमेल असं मला वाटत नाही. म्हणून यावेळी लावणीच बदलली. झुडपी जातीची ६ झाडं, तीही तीन-तीन करून तीन आठवड्यांच्या अंतराने, आणि वेलासारखी चढणारी ४. एकूण माल कमी येईल, नवऱ्याला ते पटलेलं नाही, त्याच्या मते १४ च ठेवून दुसरं पातेलं घ्यावं. पण शेगडी दुसरी नाही आणि उचलणारे हातही दुसरे नाहीत, त्यामुळे तूर्तास १०.

चिठ्ठ्या अजून धाकटीच लिहिते. तारीख, किलो, टोमॅटोचं चित्र, आणि आता खाली आजीच्या अक्षरात एक ओळ असते, "लिंबू घातलं आहे". ती ओळ असल्याशिवाय बरणी कपाटात जात नाही.